कामाचा फोन वेगळा, गप्पांचा वेगळा: म्हातारे आई-वडील आणि मोठी झालेली मुलं

रोज रात्री सव्वानऊला मी ठाण्याहून वाईला फोन लावायचे. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, गॅसवाला येऊन गेला का, डॉक्टरांकडे कधी जाताय, आईचे पाय अजून सुजतात का. एका रात्री पलीकडून माझे वडील, अण्णा, शांतपणे म्हणाले, "हजेरी झाली ना? मग ठेवतो."

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिक्षक होते. हजेरी घेणं आणि विचारपूस करणं यातला फरक त्यांना कुणी शिकवायला नको. मला मात्र तो पन्नाशीत कळला.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो आणि सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यामुळे लांबच्या आई-वडिलांशी कसं जवळ राहायचं आणि एकाच घरात कसं थोडं लांब राहायचं, हे दोन्ही पेपर मी एकदमच देते आहे. गेल्या सहा वर्षांत जे जमलं आणि जे फसलं, ते क्रमाने लिहिते. क्रमाने अशासाठी, की आम्ही पुढची पायरी आधी आणि आधीची नंतर केली, आणि ते महागात पडलं.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं लिहून काढा

काहीही बदलू नका. फोन ठेवला की आपण काय विचारलं आणि काय सांगितलं, ते दोन ओळींत वहीत टिपा. मी सात दिवस टिपलं. चाळीसच्या वर प्रश्न निघाले. त्यातले औषध, डॉक्टर, बँक आणि दुरुस्ती यांच्याबाहेरचे फक्त तीन. आणि मी स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट एकही नाही. त्याच आठवड्यात माझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढला होता. तो सांगितला नाही, कारण "उगाच काळजी करत बसतील." म्हणजे त्यांनी सगळं सांगायचं आणि मी झाकून ठेवायचं, असा आमचा व्यवहार.

मग फोनचे दोन भाग केले.

कामाचा फोन रविवारी सकाळी दहाला, वीस-पंचवीस मिनिटं. दोन्हीकडे एकेक दोनशे पानी वही. आठवड्यात जे सुचेल, ते दोघांनी आपापल्या वहीत लिहायचं: गोळ्या संपत आल्यात, नळ गळतोय, पेन्शनचा मेसेज आला नाही. रविवारी एकेक बाब घ्यायची आणि झाली की टिक करायची. अण्णांना हे फार आवडलं. निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच अजेंडा मिळाला.

बाकीच्या दिवशी औषधाचं नाव काढायचं नाही. सुरुवातीला हे जड जातं. पहिल्या बुधवारी मी "कसे आहात?" म्हटलं, "बरे आहोत" आलं आणि पुढे दोघंही गप्प. वर्षानुवर्षं नुसतं काम बोलल्यावर गप्पा येणार कुठून? यावर एकच उपाय मला सापडला: त्यांना येतं आणि आपल्याला येत नाही, असं काहीतरी खरोखर विचारा. नाटक करू नका, त्यांना लगेच कळतं. माझं कैरीचं लोणचं दर वर्षी बिघडायचं. मी व्हिडिओ कॉल लावून फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि कैऱ्या चिरायला घेतल्या. "मीठ किती घालू?" "किती म्हणजे? दिसेल तेवढं." "आई, दिसेल म्हणजे किती?" "अगं, फोड मिठात लोळलेली दिसली पाहिजे. आणि ती बरणी पुसलीस का? पाणी दिसतंय मला तिथे." वाईच्या ओट्याशी उभं राहून आईने माझी ओली बरणी पकडली. त्या पाऊण तासात तिने स्वतःच्या सासूची, दुष्काळातल्या लोणच्याची आणि मला अजिबात माहीत नसलेल्या एका आत्याची गोष्ट सांगितली. पाय सुजतात का, हे मी विचारलंच नाही. पण ती मध्ये दोनदा खुर्चीवर बसली, ते मला दिसलं.

मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल तर एक बारीक गोष्ट. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतं, आपल्याकडे बदलत नाही. न्यू जर्सीशी अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं असतं, हिवाळ्यात साडेदहा. भाऊ त्याच्या घड्याळाने नेहमीच्या वेळी फोन करायचा आणि आई वाईला तासभर केस विंचरून, फोन मांडीवर घेऊन बसलेली असायची. "विसरला असेल" असं ती म्हणायची नाही, पण चेहऱ्यावर असायचं. आता कालनिर्णयावर त्या दोन रविवारांना लाल गोल असतो.

आणखी एक. वडील फोन लगेच आईकडे देत असतील, तर ते तुसडे आहेत असं ठरवण्याआधी त्यांचे कान तपासा. अण्णांना फोनवर निम्मं ऐकू येत नव्हतं. समोर बसल्यावर ते ओठ बघून भागवायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. एका कानातला मळ काढला आणि दुसऱ्या कानाला मशीन आलं. त्यानंतर अण्णा एवढं बोलायला लागले की आई म्हणाली, "आधीचंच बरं होतं."

दुसरी पायरी: भेटीला गेल्यावर पहिल्या दिवशी काहीच करू नका

आपण पाच-सहा तासांचा प्रवास करून घरात शिरतो आणि पाणी पिऊन होत नाही तोच फ्रिज उघडतो. तारीख उलटलेला सॉस, बुरशी आलेलं लिंबू, वाटीवाटीत उरलेली भाजी. कचऱ्याची पिशवी भरते आणि आईचा चेहरा उतरतो. ते तिचं स्वयंपाकघर आहे. माझ्या पहिल्या दोन भेटी अशाच वाया गेल्या.

पहिला दिवस फक्त बघायचा. बघायचं मात्र नीट. भरायची राहिलेली बिलं साचलीत का? दूध वारंवार उतू जातंय का, भांडी करपलेली दिसतायत का? पट्ट्याला नवं भोक पडलंय का, म्हणजे वजन उतरलंय का? तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा येतोय का? रोजच्या रस्त्यावर चुकल्याचं कुणी शेजारी बोलले का? शेवटच्या दोन गोष्टी "वय झालं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. विसरभोळेपणामागे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा एखादं औषधही असू शकतं, आणि ते वेळेवर सापडलं तर सुधारता येतं.

दुसऱ्या दिवशी दोन-तीनच कामं काढा, आणि विचारून. आमच्याकडे पहिला नंबर न्हाणीघराचा लागला. म्हातारपणी घरात पाय घसरायच्या जागांपैकी ती एक, आणि रात्री उठताना जास्त जपावं लागतं. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मिणमिणता दिवा हवा, वाटेतलं पायपुसणं आणि सैल वायर काढून टाकायला हवी, ओल्या फरशीवर रबरी जाळी हवी, आणि कमोडच्या बाजूला भिंतीत पक्कं ठोकलेलं हँडल हवं. नुसतं चिकटवलेलं नको, ते वजन पडलं की निघून येतं. आणि रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मग उभं राहायचं, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर.

हँडलला अण्णांनी साफ नकार दिला. "मी काय पेशंट आहे?" दोन महिने ते हँडल खोक्यातच पडून होतं. मग मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात माझ्या सासूबाई येतील, त्यांना लागेल." दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला. सासूबाई चार दिवस राहून गेल्या. हँडल आता कोण वापरतं, याची मी चौकशी करत नाही.

औषधांचं एक काम मात्र पहिल्याच भेटीत करा. घरातल्या सगळ्या स्ट्रिप, बाटल्या, आयुर्वेदिक डबे आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवी एकाच डॉक्टरांपुढे रिकामी करा. एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. साताऱ्याच्या डॉक्टरांनी दिलेली आणि गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, अशा रक्तदाबाच्या दोन गोळ्या अण्णा तीन महिने घेत होते. नावं वेगळी, आतलं औषध तेच. त्यांना येणारी चक्कर आम्ही उन्हावर ढकलत होतो. स्ट्रिपवर दोन नावं असतात: एक कंपनीने ठेवलेलं, दुसरं आतल्या औषधाचं. औषधाचं खरं नाव वाचा.

तिसरी पायरी: लाल फाईल

कागदांचा विषय काढणं हे सगळ्यात अवघड. "तुमचं मृत्युपत्र केलंय का?" असं विचारलं की समोरच्याला ऐकू येतं, "तुम्ही जाणार कधी?" मी एक युक्ती केली. आधी स्वतःचं मृत्युपत्र केलं आणि ते अण्णांना वाचायला दिलं. शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्यावर ते म्हणाले, "आमचंही करून टाकू." मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये.

या लाल फाईलमध्ये काय काय हवं, ते आमच्या चुकांसकट सांगते.

बँकेची खाती आणि वारस. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, आणि ते कुणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. भावंडांमधली बरीच भांडणं "नाव माझं लागलंय" एवढ्या एका वाक्यातून सुरू होतात. आई-वडिलांचं खातं दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं आहे ना, हेही बघा. आमच्याकडे एक ठेव फक्त अण्णांच्या सहीने मोडणारी निघाली, आणि ते कळलं अण्णा इस्पितळात असताना.

सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच बँक सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. एका शाखेने मला "आमच्याकडे असं काही नाही" म्हणून परत पाठवलं. लेखी अर्ज दिल्यावर मात्र माणूस घरी आला.

हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरचं काम. ऑनलाइन दाखला काढायची 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ पासून आहे, आणि आता मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही दाखला निघतो. ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत त्यांची यात मोठी सोय झाली. आपल्याला पेन्शन देणाऱ्या कार्यालयात तो चालतो का, हे ऑक्टोबरातच विचारून ठेवा.

आयुष्मान कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. कार्ड आधारवर निघतं. ते कार्ड तुमच्या तालुक्यातलं कोणतं इस्पितळ घेतं, त्याची यादी आधी काढून फाईलमध्ये ठेवा. रुग्णवाहिकेत बसून ती शोधायची नसते.

मुखत्यारपत्राबद्दल, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाबद्दल, एक मोठा गैरसमज आहे. "बाबांना पुढे काही समजेनासं झालं तर मुखत्यारपत्र आहे ना," असं लोक म्हणतात. पण देणाऱ्याची समज गेली की साधारणपणे मुखत्यारपत्रही संपतं. ते कामाला येतं ती वेळ वेगळी: डोकं शाबूत आहे, पण पाय चालत नाहीत.

शेवटच्या आजारात यंत्रांवर किती काळ ठेवायचं, हेही आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. आईने ते एका दुपारी हसत हसत केलं. अण्णांनी अजून केलेलं नाही, आणि मीही विषय सोडून दिला आहे.

घर नावावर करण्याची घाई. इथे मी अगदी ठाम आहे: राहतं घर हयातीत मुलांच्या नावावर करू नये. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुला-नातवंडांना बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये पडतं, स्थानिक अधिभार वगैरे वेगळे. एवढं स्वस्त असल्यामुळे "करून टाकू" असं सहज होऊन जातं. करायचंच असेल, तर "देणाऱ्याचा मरेपर्यंत सांभाळ करायचा" ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. मुलांनीही हा आग्रह धरावा. पुढे कुणी बोट दाखवायला जागा राहत नाही.

आणि फाईलच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात: रुग्णवाहिकेसाठी १०८, पैशांची फसवणूक झाली तर १९३०, दोन शेजारी, डॉक्टर, रक्तगट, चालू औषधं. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" करणाऱ्यांनी आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांना दोन दिवस खोलीत बसवून ठेवलं होतं. कायद्यात असली अटक नाहीच. आम्ही घरात एक परवलीचा शब्द ठरवला आहे. पैशांसाठी कुणाचाही फोन आला, अगदी माझ्या आवाजात आला, तरी आधी तो शब्द विचारायचा. शब्द अर्थातच आईने निवडला आणि तो एका भाजीचं नाव आहे.

चौथी पायरी: भावंडांत वाटणी, जमिनीची नाही, कामांची

जवळ असतो त्याच्यावर कामं पडतात. लांब असतो त्याच्याकडे सल्ला असतो. माझा भाऊ दोन वर्षांतून एकदा तीन आठवड्यांसाठी यायचा आणि दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर बदलायला निघायचा. त्याचा अपराधीपणा मला कळत होता, पण निस्तरायचं मीच. एकदा कडाक्याचं भांडण झालं, विमानतळावर, सामानाच्या ढकलगाडीशेजारी. त्यानंतर आम्ही कागद घेऊन बसलो.

लांबून होणारी कामं बरीच असतात. विमा, पेन्शनचा पाठपुरावा, वीज-पाण्याची बिलं, औषधं घरपोच मागवणं, कागद स्कॅन करून ठेवणं, ब्युरोशी बोलून मदतनीस मावशी शोधणं. ही सगळी आता त्याच्याकडे. प्रत्यक्ष जावं लागतं ती माझ्याकडे. खर्चाचा हिशेब महिन्याच्या पहिल्या तारखेला एका पानावर, दोघांना दिसेल असा. कुणी किती द्यायचे हे पगाराच्या प्रमाणात ठरवलं, सारखं नाही. आणि एक नियम: जो प्रत्यक्ष करतो, त्याचा त्या कामातला निर्णय अंतिम. सल्ला रविवारच्या फोनवर द्यायचा, इस्पितळाच्या दारात नाही.

मुलींबद्दल थोडं. अजूनही "मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही" या वळणावर वाढलेली माणसं आहेत, आणि कामाच्या वेळी मात्र मुलगीच लागते. सांभाळाची जबाबदारी कायद्याने मुलगा-मुलगी दोघांची आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्साही मुलाइतकाच. तरी सेवा लेकीने करायची आणि नंतर हक्कसोडपत्रावर सहीही तिनेच करायची, असं सर्रास चालतं. सही करायची की नाही हा तिचा प्रश्न. पण ती मागणी कार्याच्या तेराव्या दिवशी, सगळे जमलेत म्हणून, पुढे करू नये.

पाचवी पायरी: एकाच छताखाली असाल तर

इथला प्रश्न उलटा. सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना काहीच करू दिलं नाही. सकाळचा चहा हातात, जेवण टेबलावर, कपाट लावून दिलेलं. चार महिन्यांत त्या खचल्या. एका पहाटे पाचला उठून त्या अंधारात ओट्याजवळ नुसत्या उभ्या दिसल्या. "चहा करायचा होता. पण तुझी चहापावडर कुठे असते ते माहीत नाही, आणि विचारलं तर तू उठून करशील."

त्या दिवशी ओट्याचा एक कोपरा त्यांचा झाला. छोटं पातेलं, त्यांची आल्याची किसणी, चहा-साखरेचे डबे. पहाटेचा चहा त्यांचा त्या करतात. दुधाचा हिशेबही त्यांच्याकडे: किती पिशव्या घ्यायच्या, गवळ्याशी भांडायचं कधी. कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला. त्यांच्या खोलीत शिरताना आम्ही दार वाजवतो. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा त्या दचकून म्हणाल्या, "कोण आलंय?"

हातखर्चाचे पैसे मागायला लावू नयेत. महिन्याच्या सुरुवातीला खात्यात जातील असे ठरवून टाका, आणि त्यांचं त्या काय करतात हे विचारू नका. देवळात जातील, भाचीला जातील, लॉटरीत जातील.

नातवंडं सांभाळणं हे गृहीत धरायचं नाही. "शनिवारी तुम्हाला काही काम आहे का?" असं आधी विचारायचं, आणि "हो, भिशी आहे" हे उत्तर हसून घ्यायचं. वर्षातून दोन-तीनदा त्या बहिणीकडे जातात. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते आमच्या गाडीत कधी दिसलं नाही.

इकडे आणायचं का?

पडलं, मोडलं, एकदा इस्पितळ झालं की मुलं म्हणतात, "आता बस झालं, इकडे या." काही वेळा ते बरोबरच असतं. पण चौदाव्या मजल्यावर आणून बसवलं आणि बोलायला कुणी नसेल, तर तब्येत सांभाळली जाईल आणि माणूस सुकेल. अण्णांची सकाळ कृष्णेच्या घाटावर सुरू होते. तिथल्या कट्ट्यावर पाचजण असायचे, आता तीन उरलेत. ठाण्यात ते लिफ्टमध्ये कुणाशी बोलणार?

आम्ही पावसाळ्याचे दोन महिने करून बघितले. वाईचं घर झाडून-पुसून, कुलूप लावून, दिवाबत्ती करणारा माणूस नेमून. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात नेलं, आणि तिथून पुढे ते स्वतः जाऊ लागले. आता दर पावसाळ्यात येतात, गणपतीआधी परत जातात. पहिलं वर्ष तरी जुनं घर विकू नका, भाड्यानेही देऊ नका. परतीचा रस्ता उघडा आहे म्हटल्यावर माणूस यायला तयार होतो.

वृद्धाश्रमाबद्दल नाक मुरडण्याआधी एखादा बघून या. जेवणाच्या वेळी, न कळवता जा. ताटात काय आहे, रात्री परिचारिका असते का, संडासाला वास येतो का, आणि राहणारे एकमेकांशी बोलतात का, एवढं पाहिलं तरी कळतं. ज्याला राहायचं आहे त्याने स्वतः निवडलं असेल, तर ती जागा मुलाच्या घरातल्या कोपऱ्यापेक्षा बरी असू शकते.

आई-वडिलांसाठी चार ओळी

पडलात तर लपवू नका, तिसऱ्या माणसाकडून कळलं की आम्ही जास्त घाबरतो. "आमचं काय, आज आहोत उद्या नाही" हे वाक्य महिन्यातून एकदाच वापरा. एका मुलाचं कौतुक दुसऱ्याला फोनवर सांगू नका. आणि मदत हवी असेल तर ती नेमकी मागा. "कुणी लक्ष देत नाही" याला उत्तर देता येत नाही, "मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायचंय" याला देता येतं.

अबोला असेल तर

सगळ्या घरांत वही आणि लाल फाईल चालत नाही. जिथे मार खाल्लाय, फसवणूक झालीय, वर्षानुवर्षं तोंड पाहिलेलं नाही, तिथे जवळीक ओढून आणू नये. पण सांभाळ आणि जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनातून माफ न करताही औषधपाण्याचे पैसे पाठवता येतात, मध्ये एखादा मामा किंवा चुलतभाऊ ठेवून. पहिलं पाऊल टाकायचंच असेल, तर फोनपेक्षा चार ओळींचं पत्र बरं. जुना हिशेब त्यात नको. उत्तराची मुदतही नको.

आणि जे आई-वडील खरोखर टाकले गेलेत, त्यांच्यासाठी: २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. कायद्यात निर्वाहभत्त्याची मर्यादा महिना १०,००० रुपये आहे, आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन.

गेल्या महिन्यात वाईला गेले तेव्हा अण्णा घाटावर गेले होते आणि त्यांची वही टेबलावर उघडी होती. त्या आठवड्याच्या सात बाबी, शाळेतल्या अक्षरात, ओळीने. गॅस, आईचा चष्मा, पाण्याच्या टाकीचं झाकण, पेन्शनची स्लिप. सातवी बाब लाल शाईने लिहिलेली: "लेक जिना उतरताना कठडा धरते. गुडघ्याचं काय आहे ते विचारणे. लपवेल."